नुसतं आवडतं म्हणून

आष्टी, जि. बीड

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आता पळून काय करू मावशे? कुठं भरती व्हायचंय?" आणि लगेच विषय बदललास. खोलीचं भाडं, कंपनीतली रात्रपाळी, कारेगावातलं पाणी. मी हो हो करत राहिले. पण फोन ठेवल्यापासून ते वाक्य डोक्यातून जाईना. वर्गात वह्या तपासतानाही तेच. म्हणून लिहायला बसले. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, पत्रात मधेच तोडता येत नाही.

राग येईल तुला, तरी विचारते. तू पहाटे साडेचारला उठायचीस ते फक्त पोलीस भरतीसाठी? खरं सांग. डिसेंबरात, कड्याच्या रस्त्यावर, दुधाच्या गाड्यांच्या उजेडात दिसेल तेवढा रस्ता पकडून पळायचीस आणि घरी येऊन ओट्यावर पाय पसरून भिजवलेले हरभरे खायचीस. कपाळावर घाम, कानाच्या पाळ्या लाल. माझ्याशी बोलायचीसुद्धा नाहीस, नुसती समोरच्या लिंबाकडे बघत बसायचीस. त्या वेळी तुझ्या तोंडावर जो आनंद असायचा, तो आठशे मीटरच्या वीसपैकी अठरा गुणांचा होता का गं? मी समोर चहा घेऊन बसलेली असायचे. मी रोज पाहिलाय तो.

आपल्याकडे एखादी पोरगी ट्रॅक पॅन्ट घालून अंधारात रस्त्यावर पळते आणि कुणी काही म्हणत नाही, असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केलाय. कारण घरचे सांगतात, "भरतीची तयारी करतीय." एवढ्या एका वाक्यावर आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई कुठंही पोरीला घराबाहेर पडता येतं. चुलता गप्प बसतो, पारावरची माणसं मान वळवतात, भावकीतली आजी उलट शेंगदाण्याचा लाडू हातात ठेवते. मी भरतीला नावं ठेवणार नाही. ज्या जिल्ह्यात दसरा-दिवाळी उरकली की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात, तिथं पोरींना कोयत्यापासून लांब नेणारी एक तरी वाट त्या मैदानावरून जाते, हे मला कळतं. तुझ्या आईला ते माझ्याही आधी कळलं होतं. ताई आणि दाजींचा कोयता सांगली-कोल्हापूरकडं जायचा. मुकादमाची उचल घेतलेली, ट्रॅक्टर दारात उभा, पत्रे, पातेली, शेळी सगळं वर चढलेलं. ताईनं तुझं दप्तर माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हिला शिकीव. आन् पळू दे." शिकवायचं मी कबूल केलंच असतं. पळू दे, हे तिनं मुद्दाम सांगितलं. दिवसभर ऊस तोडून, डोक्यावर मोळी घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणाऱ्या बाईला पळण्यात काय दिसलं असेल, हे तिला मी कधी विचारलं नाही. तू विचार.

पण ती परवानगी मुदतीची असते, चिऊ. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मिळून पन्नास गुण. मेरिटला नाव लागलं नाही की पोरी पळायच्या थांबतात. आणि लागलं तरी थांबतात! तुझ्याबरोबरच्या ज्या दोघी पोलिसात गेल्या, त्यातली एक तरी आज पळते का? लग्न, बंदोबस्त, लेकरं. ज्यासाठी पळायचं ते मिळालं, आता कशाला? तूही तेच म्हणालीस. तुला मिळालं नाही म्हणून, त्यांना मिळालं म्हणून. शेवट दोन्हीकडं एकच. याचाच मला त्रास होतो. तुझं नाव यादीत आलं नाही त्याचं दुःख मला झालं, पण ते संपलं. पळणं बंद केलंस याचं दुःख अजून संपलेलं नाही.

मलाही असाच एक परवाना लागला होता, आठवतं? साखर वाढली आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, रोज चालणे. त्या चिठ्ठीच्या जोरावर मी घराबाहेर पडले. शिक्षिका असून, पगार असून, चाळिशी ओलांडलेली असून मला पहाटे बाहेर पडायला आजाराचा आधार लागला. तुला भरतीचा, मला साखरेचा. "मला आवडतं म्हणून जाते," हे आपल्या दोघींपैकी एकीलाही कधी म्हणता आलं नाही.

चालण्याचं पळणं तू केलंस. कॉलेजच्या मैदानावर फक्कीनं आखलेल्या रेषेजवळ मला उभं करून म्हणालीस, "मावशे, खांदे सोड. मूठ आवळू नको. माझ्याशी बोलता येईल एवढंच पळ." तू माझ्या वेगानं, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी पळत होतीस, आणि मला सातचा पाढा म्हणायला लावत होतीस. पाढा तुटला की म्हणायचीस, "हळू." आज मी ज्यांचं वाचते, ऐकते, ते लांब पल्ल्याचे जाणकारही नेमकं हेच सांगतात. सरावातला बराचसा भाग बोलता येईल अशा वेगानं करायचा, तरच हृदय आणि पाय लांबच्या अंतराला तयार होतात. तुला हे कुणी शिकवलं होतं? तुमच्या अकॅडमीत तर सगळा भर जोरात मारण्यावर होता. तुला ते आतून ठाऊक होतं. त्या सकाळचे उपकार मी विसरणार नाही. माझी साखर आज आटोक्यात आहे, हे त्या पाढ्यांमुळं.

आता 2020 चा नोव्हेंबर आठव. शाळा अजून पुरत्या सुरू नव्हत्या, भरती लांबलेली. 29 तारखेला दिल्लीत हाफ मॅरेथॉन झाली. करोनामुळं रस्त्यावर फक्त निवडक धावपटू होते, बाकीच्यांना आपापल्या गावी पळायला सांगितलं होतं. आणि आपल्या तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं ते अंतर 1 तास 30 सेकंदांत पार केलं. 61 मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय, नवा राष्ट्रीय विक्रम. जगातल्या नामांकित धावपटूंमध्ये तो दहावा आला. तू मोबाइलवर वाचलंस आणि कॅलेंडरच्या पाठीमागं गणित मांडायला बसलीस. एकवीस किलोमीटर साडेसत्त्याण्णव मीटर, म्हणजे आठशेच्या सव्वीस फेऱ्या आणि वर थोडं. एक आठशे किती वेळात? उत्तर आलं दोन मिनिटं अठरा सेकंदांच्याही आत. तू पेन्सिल खाली ठेवलीस. मुलींना पूर्ण गुण मिळवायला 2 मिनिटं 50 सेकंदांत आठशे मारावं लागायचं, तुझी वेळ 2:58 च्या खाली येत नव्हती, आणि आपल्या शेजारच्या गावचा माणूस त्यापेक्षा कितीतरी जोरात, एकामागून एक, सव्वीस वेळा, न थांबता पळाला होता. त्या दिवशी तू निराश होशील अशी मला भीती वाटली होती. तू मात्र संध्याकाळी म्हणालीस, "मावशे, एवढं लांब पळायला काय वाटत असंल गं?" मैदानावर किती गुण मिळतील हे नाही विचारलंस तू. काय वाटत असेल, असं विचारलंस.

अविनाश पण भरतीच्याच वाटेनं गेलेला आहे, हे तुला नव्यानं सांगायला नको. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले, शाळा सहा किलोमीटरवर, तिथं चालत नाहीतर पळत जायचं. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनची थंडी, राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. धावपटू म्हणून तो घडला तो भरती होऊन गेल्यावर. 2015 मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला तिथून. म्हणजे ज्या टप्प्यावर आपली पोरं बूट काढून ठेवतात, त्या टप्प्यावर त्यानं खरी सुरुवात केली. नोकरी लागली होती, पगार सुरू होता, नोकरीसाठी आणखी पळायची गरज नव्हती. 2018 मध्ये त्यानं स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा 1981 पासूनचा विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं! आठवतंय ना, शेवटच्या शंभर मीटरला तू टीव्हीपुढं उभी राहून माझा दंड असा आवळलास की दोन दिवस वळ होता? 1998 पासून राष्ट्रकुलात त्या शर्यतीतली तिन्ही पदकं केनियाचीच असायची. पुढं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 मध्ये सुवर्णही आलं. आपल्या लोकांनी फटाके वाजवले, फ्लेक्स लावले. चांगलंच केलं. पण त्याचं नाव घेऊन आपण पोरांना सांगतो काय? "पळ, म्हणजे नोकरी लागेल." त्याच्याकडून एवढंच घ्यायचं होतं का आपल्याला?

तू म्हणशील, तो पुरुष, तो सैन्यात, त्याचं सांगू नको. बरं. मग मी मांडलेलं गणित वाच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, अनवाणी पळत मोठी झालेली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. 2012 मध्ये तिनं हाफ मॅरेथॉन 1 तास 12 मिनिटं 50 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला. तुझ्या पद्धतीनं भागाकार केला. एका आठशेला 2 मिनिटं 46 सेकंदांहून थोडा कमीच वेळ. चिऊ, तुमच्या मैदानावर प्रत्येक फेरीला वीसपैकी वीस. सव्वीस फेऱ्या, सगळ्या पूर्ण गुणांच्या. मला हे उत्तर आलं तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये एकटीच होते आणि तुला लगेच फोन लावला होता. तू पाळीवर होतीस.

तू एकदा विचारलं होतंस, ते वरचे साडेसत्त्याण्णव मीटर कशाला, सरळ एकवीस का नाही. तेव्हा मला सांगता आलं नाही, मग शोधून काढलं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली. ते अंतर भरलं 42 किलोमीटर 195 मीटर. पुढं 1921 मध्ये तेच कायमचं ठरलं. त्याचं निम्मं म्हणजे आपलं हे अंतर. तेव्हा राजाच्या सोयीसाठी वाढलेले ते मीटर आजही लेझीम खेळणाऱ्या सातारकरांपुढून आपण सगळे मुकाट्यानं पळतो.

हो, मी सातारची हिल हाफ मॅरेथॉन पळले. तुला फोटो पाठवला होता, तू अंगठा दाखवलास. एवढ्यावर भागवलंस, म्हणून आता सविस्तर ऐक. ही स्पर्धा 2012 पासून होते, पाऊस सरता सरता. सातारा शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्यावर जाऊन वळायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. माझा घाटाचा सराव कुठला? आष्टीत आपला न्यू आष्टी स्टेशनाकडचा सपाट रस्ता. पण मी तुझंच ऐकलं. चढावर पाढा म्हणत गेले. पाढा तुटला की चालायचं, जुळला की पळायचं. धुकं इतकं खाली आलेलं की पुढच्या बाईच्या पाठीवरचं नाव दिसत नव्हतं. वळणा-वळणावर गावातली माणसं उभी, कुणाकडं ढोल, कुणाकडं केळी, शाळेची पोरं हात पुढं करून उभी, टाळी द्या म्हणून. मला वाटत होतं चढ जड जाईल. जड गेला तो उतार. सोळाव्या-सतराव्या किलोमीटरला मांड्या अशा भरून आल्या की पाय टेकवला की कळ गुडघ्यापर्यंत जायची.

आठशेत हे नसतं. आठशेला दम संपायच्या आत रेषा येते. तू दात आवळून, डोळे बारीक करून ती ओढून आणायचीस. एकवीसमध्ये दात आवळून चालतच नाही. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोराच्या मेहनतीला दीड-दोन तास पुरते, त्याच्या आसपास हे अंतर येतं, म्हणून सुरुवातीला हावरेपणा केला की शेवटी ते अंतर वसूल करतं. इथं पहिल्या किलोमीटरला स्वतःला आवरावं लागतं. तू मैदानावर पहिला राउंड नेहमी जास्त जोरात घ्यायचीस आणि दुसऱ्या राउंडला खांदे वर यायचे. तुमचे सर म्हणायचे, "पोरीत स्पीड कमी आहे." मला तेव्हापासून वाटायचं, पोरीत कमी काही नाही, तिला अंतर कमी पडतंय. तुझा श्वास तिसऱ्या किलोमीटरला लागायचा, मी सायकलवरून मागं असायचे, मला ऐकू यायचा तो बदल. आधी ओढाताण, आणि मग एकदम एकसारखा. आणि तुझी परीक्षा घेतली जायची आठशे मीटरला. जिथं तुझं पळणं सुरू होणार, त्याच्या कितीतरी आधी तुला थांबवून गुण सांगायचे.

आणखी एक गोष्ट. सातारची ती शर्यत पोलीस परेड ग्राउंडवरून सुटते. मी पहाटे तिथं पोचले आणि फाटकातच थबकले. असल्याच एका मैदानाच्या फाटकाबाहेर आपण दोघी पहाटे तीनपासून रांगेत उभ्या होतो ना? तुझ्या हातात हॉल तिकीट, छातीला नंबर, पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. मी बाहेर थांबले होते, माझ्यासारख्या कित्येक आया, मावश्या, भाऊ कुंपणाला नाक लावून. या वेळी मी आत होते. कुणी उंची मोजली नाही, जात प्रमाणपत्र मागितलं नाही, वय विचारून मागं पाठवलं नाही. साठी उलटलेल्या बाया होत्या, आजोबा होते. तीन तासांच्या थोडं आत परत आले. कुणीही माझ्या नावापुढं गुण मांडले नाहीत. मला तुझी फार आठवण आली. हे सगळं मी तुझ्या जागेवर उभी राहून बघतेय, असं वाटत राहिलं. म्हणून आनंद पुरता झाला नाही.

थकवा येतो, हे मला मान्य आहे. आठ तास उभ्यानं काम, पाळी बदलली की झोप बिघडते. रोज पळ असं मी म्हणतच नाही. आठवड्यातून तीन दिवस पुरे. दोन दिवस अर्धा-पाऊण तास, हळू, आणि सुट्टीच्या दिवशी एकदा लांब. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्यायचं, एकदम उडी नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात नाही पळालीस तरी चालेल. नगर-पुणे हायवेला पळू नकोस, कंटेनरची वर्दळ असते. सुट्टीच्या सकाळी एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, तिथं जा, आणि खोलीतल्या मुलींपैकी एकीला तरी बरोबर घे. ती पळेल. तू मला पळायला लावलंस तर तिला नाही का लावणार? अंगठ्याचं नख काळं पडलं तर बूट अर्धा नंबर मोठे घे. पैसे मी पाठवते, त्यावरून वाद नको.

आणि आधी थांबलीस म्हणून आता जमणार नाही, असं मनात आणू नकोस. अविनाशसुद्धा 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत जायबंदी झाला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पायावर जग जिंकलेल्या माणसाला पुन्हा चालण्यापासून सुरुवात करावी लागते. तुझा तर गुडघाही धड आहे, दमही आहे. फक्त कारण गेलंय. कारण नसताना पळता येतं, हे तुला मान्य होत नाही, इतकंच.

घरचे काही म्हणाले तर माझं नाव सांगायचं नाहीस. भरतीचं नाही, साखरेचं नाही, मावशीचंही नाही. मला आवडतं म्हणून पळते, असं सांगायचं. ताई काही म्हणणार नाही, हे मी तुला आजच सांगून ठेवते.

यंदाच्या सातारच्या स्पर्धेला मी दोघींची नावं देणार आहे. नोंदणी सुरू झाली की जागा भराभर संपतात, मग हळहळून उपयोग नाही. आधार कार्डाचा फोटो, टी-शर्टचं माप आणि रक्तगट मला शनिवारच्या आत पाठव.

तुझी,
मावशी